जुन्या संगणकाला मानवणारी हार्ड डिस्क

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील आपले सरकार सेवा केंद्रे, झेरॉक्स व डीटीपीची दुकाने, महाविद्यालयांची कार्यालये आणि संगणक प्रशिक्षणाचे वर्ग यांमध्ये दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले कितीतरी संगणक आजही रोजचे काम ओढत आहेत. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्नाचे व जातीचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रे, प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांची एकदम झुंबड उडते, तेव्हा या संगणकांची दमछाक सर्वांच्या नजरेस येते. १९९४ साली स्थापन झालेल्या आणि आज नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे कार्यक्षेत्रात असलेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ग्रामीण महाविद्यालयांपासून ते उदगीर, अहमदपूर, देगलूर, मुखेड, किनवट अशा तालुक्यांच्या गावांतील छोट्या केंद्रांपर्यंत सर्वत्र तक्रार एकच ऐकू येते, ती म्हणजे संगणक सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे लागतात आणि एखादी पीडीएफ उघडताना पडदा गोठून राहतो. अशा वेळी संपूर्ण संगणकच बदलावा लागेल असे मालकाला वाटते. परंतु यंत्रात दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री किंवा त्या तोडीचा प्रोसेसर आणि किमान ४ जीबी, शक्य तर ८ जीबी रॅम असेल, तर अडथळा बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये नसून हार्ड डिस्कमध्ये असतो, आणि डिस्क बदलण्याचा खर्च नव्या संगणकाच्या किमतीपुढे किरकोळ ठरतो.

हा अडथळा नेमका कशामुळे निर्माण होतो, हे डिस्कची रचना पाहिल्यावर कळते. पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या गोल तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरत असतात आणि एका दांडीच्या टोकावरील ‘हेड’ म्हणजे वाचन-लेखन करणारा सूक्ष्म भाग त्या पृष्ठभागावरून पुढेमागे सरकत माहिती शोधतो. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो. त्यात दांडी सरकण्याचा वेळ मिळवला की प्रत्येक शोधाला दहा ते पंधरा मिलिसेकंद खर्ची पडतात. एक जाड पुस्तक सलग वाचणे सोपे, पण शंभर पुस्तकांतील एकेक ओळ हुडकणे वेळखाऊ असते, त्याचप्रमाणे ही डिस्क एखादी मोठी फाइल सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वेगाने वाचू शकत असली, तरी विंडोज सुरू होताना लागणाऱ्या हजारो लहान फाइली गोळा करताना ती मागे पडते. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे व्यवहारात एसएसडी म्हटली जाणारी साठवण, माहिती फ्लॅश चिपमध्ये ठेवते. तिच्यात फिरणारा कोणताही भाग नसल्याने एका शोधाचा वेळ साधारण एक दशांश मिलिसेकंदापर्यंत उतरतो. जुन्या संगणकाला एसएसडी बसवल्यावर होणारा कायापालट प्रामुख्याने या शोधाच्या वेळेतील शंभरपटीच्या फरकामुळे घडतो, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या सेकंदाला ५५० एमबीच्या आकड्याचा त्यातील वाटा दुय्यम असतो.

असे असले तरी दुकानात मिळणारी कोणतीही एसएसडी कोणत्याही जुन्या संगणकाला चालत नाही. म्हणून खरेदीपूर्वीची चौकशी दुकानातील मालापासून सुरू न होता टेबलावरील यंत्रापासून सुरू व्हावी. त्या यंत्रात डिस्क कोणत्या प्रकारे जोडली जाते, तिच्यासाठी जागा किती आहे, बायोस म्हणजे मदरबोर्डवरील मूळ प्रणाली तिला ओळखू शकते का, आणि कोणती विंडोज चालवायची आहे, या चार बाबी समजल्या की निवड आपोआप अरुंद आणि सोपी होत जाते.

जोडणीपुरते बोलायचे तर जुन्या संगणकांत दोन पद्धती आढळतात. साधारण २००३ पूर्वीच्या यंत्रांत आयडीई किंवा पाटा नावाची जोडणी असते. तिची ओळख म्हणजे ४० पिनांची रुंद, पट्टीसारखी चपटी केबल. तिचा कमाल वेग सेकंदाला १३३ एमबी असून तिच्यासाठी नव्या डिस्क आता बाजारात जवळपास येत नाहीत. आयडीईला साटा डिस्क जोडणारे कन्व्हर्टर मिळतात. परंतु एखादे जुने परवानाधारक सॉफ्टवेअर किंवा प्रयोगशाळेतील उपकरण त्या यंत्रावाचून चालतच नसेल, तरच हा खर्च समर्थनीय ठरतो. २००३ पासून रूढ होत गेलेली साटा जोडणी अरुंद, बोटभर रुंदीच्याही निम्म्या केबलची असून तिच्या पहिल्या पिढीचा वेग सेकंदाला सुमारे १५० एमबी, दुसरीचा ३०० एमबी आणि २००९ मध्ये आलेल्या तिसरीचा ६०० एमबी आहे. या तिन्ही पिढ्या परस्परांशी जुळवून घेतात, म्हणजे तिसऱ्या पिढीची डिस्क दुसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर कमी वेगाने का होईना पण व्यवस्थित चालते. अपवाद आहे तो पहिल्या पिढीतील काही चिपसेटचा, विशेषतः व्हीआयए कंपनीच्या व्हीटी८२३७ सारख्या चिपचा. त्यांना नव्या डिस्कशी वेग ठरवून घेता येत नसल्याने डिस्क दिसतच नाही. फिरत्या डिस्कवर वेग १५० एमबीपुरता मर्यादित करणारा छोटा जंपर लावण्याची सोय असे आणि त्यामुळे मार्ग निघत असे, पण एसएसडीवर असा जंपर नसतो. म्हणून इतक्या जुन्या मदरबोर्डसाठी परत करण्याची मुभा असल्याखेरीज एसएसडी विकत घेऊ नये.

दुसऱ्या पिढीच्या साटावर एसएसडी बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय, असा एक समज दृढ आहे आणि तो दूर होणे आवश्यक आहे. अशा मदरबोर्डवर एसएसडीचा सलग वाचनाचा वेग २५० ते २८० एमबीच्या आसपास अडतो हे खरे. पण शोधाचा वेळ जोडणीच्या पिढीवर फारसा अवलंबून नसल्याने दाखल्यांचे काम करणाऱ्याला किंवा वर्डमध्ये प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्याला तिसऱ्या पिढीच्या तुलनेत फरक क्वचितच जाणवतो. आपली जोडणी कोणत्या पिढीची आहे हे कॅबिनेट न उघडताही समजू शकते, कारण क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर चालू डिस्कच्या माहितीत साटा/३०० किंवा साटा/६०० अशी नोंद दाखवते, आणि डिस्कची प्रकृती व ती आजवर किती तास चालली हेही त्याच पडद्यावर वाचता येते.

सर्वाधिक फसगत होते ती एम.२ या नावाने. एम.२ हा केवळ आकाराचा आणि खाचेचा मानदंड आहे. च्युइंगमच्या पट्टीएवढी दिसणारी, बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी ही पट्टी आतून साटा पद्धतीने बोलणारी असू शकते किंवा एनव्हीएमई या कितीतरी वेगवान पद्धतीने बोलणारी असू शकते, आणि दोन्हींचे बाह्य रूप जवळपास सारखेच असते. पट्टीच्या टोकाला दोन खाचा असतील तर ती साटा आणि एकच असेल तर एनव्हीएमई, असा ठोकताळा अनेक दुकानदार सांगतात. तो पुष्कळदा बरोबर येत असला तरी दोन खाचांच्या एनव्हीएमई पट्ट्याही निघालेल्या असल्याने त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही आणि मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात खात्री करणे हाच विश्वासार्ह मार्ग उरतो. शिवाय साधारण २०१४ पूर्वीच्या बहुतेक मदरबोर्डांवर एम.२ ची खाच नसतेच. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारे ॲडॅप्टर कार्ड घेऊन एनव्हीएमई पट्टी लावता येते आणि विंडोज चालू झाल्यावर ती दिसतेही, मात्र तेवढ्या जुन्या बायोसला तिच्यावरून संगणक सुरू करण्याची भाषाच अवगत नसल्याने विंडोज तिच्यावर टाकून उपयोग होत नाही. २०११ ते २०१३ च्या सुमारास काही लॅपटॉपमध्ये एमसाटा नावाची आखूड पट्टी येत असे. ती आणि एम.२ या दोन वेगळ्या गोष्टी असून एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. या सर्व गुंत्याचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, दहा वर्षांहून जुन्या डेस्कटॉप किंवा लॅपटॉपसाठी २.५ इंची साटा एसएसडी हीच जवळजवळ प्रत्येक वेळी योग्य निवड असते, आणि अधिक वेगाच्या आमिषाने एनव्हीएमई घेणाऱ्या ग्राहकाला तो वेग तर मिळत नाहीच, उलट पार्सल परत पाठवण्याची यातायात मात्र पदरी पडते.

जागेचा प्रश्न तुलनेने सरळ आहे. डेस्कटॉपमध्ये ३.५ इंची आणि लॅपटॉपमध्ये २.५ इंची डिस्क बसते, २.५ इंची एसएसडी डेस्कटॉपमध्ये लावायची झाल्यास स्वस्तात मिळणारी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चौकट पुरते. लॅपटॉपच्या बाबतीत जाडी पाहावी लागते, कारण जुन्या यंत्रांतील कप्पा ९.५ मिलिमीटरचा आणि बहुतेक एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे सैलपणा घालवणारी पातळ चौकट लावावी लागते. उलट ७ मिलिमीटरच्या कप्प्यात जाड डिस्क बसत नाही. डीव्हीडी ड्राइव्ह निरुपयोगी झालेल्या लॅपटॉपमध्ये तिच्या जागी ‘कॅडी’ बसवून जुनी डिस्क दुसरी साठवण म्हणून ठेवता येते, मात्र तेथील जोडणी काही वेळा कमी वेगाची असल्याने एसएसडी मूळ जागी आणि जुनी डिस्क कॅडीत, असाच क्रम ठेवावा. वीजपुरवठ्याबाबत एवढेच की, जुन्या एसएमपीएसला साटाचा चपटा प्लग नसेल तर चार पिनांच्या प्लगपासून रूपांतर करणारी केबल घ्यावी लागते, आणि तिच्यातील तारा प्लॅस्टिकच्या सलग साच्यात ओतलेल्या असतील तर त्या वितळून जळण्याच्या घटना घडलेल्या असल्याने तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेली केबल मागून घ्यावी.

बायोस आणि डिस्कची क्षमता यांचा संबंध मात्र अनेक जाणत्यांनाही गोंधळात टाकतो. फार जुन्या बायोसमध्ये डिस्कवरील जागेचा पत्ता २८ बिटांत लिहिला जाई, आणि प्रत्येक पत्त्याला ५१२ बाइट या हिशेबाने १३७ जीबीपलीकडची जागा अशा यंत्राला दिसतच नसे. विंडोज एक्सपीलाही ही मर्यादा २००२ सालच्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतरच ओलांडता आली. पुढची मर्यादा आहे ती एमबीआर या विभागणी-तक्त्याची. त्यात पत्ता ३२ बिटांचा असल्याने सुमारे २.२ टीबीच्या पुढील जागा वापरता येत नाही, म्हणून ३ किंवा ४ टीबीच्या डिस्कला जीपीटी हा नवा तक्ता वापरावा लागतो. जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू होण्यासाठी बायोसच्या जागी यूईएफआय ही आधुनिक प्रणाली आणि ६४ बिट विंडोज लागते, तर केवळ माहिती साठवण्यासाठी ती विंडोज ७ वर जुन्या बायोससहही वापरता येते. साध्या कामाच्या संगणकाला या मर्यादेची झळ पोहोचत नाही. लग्नसमारंभांचे चित्रीकरण साठवणाऱ्या छायाचित्रकारांनी आणि मोठ्या डिस्कचा विचार करणाऱ्या महाविद्यालयांनी मात्र ती ध्यानात ठेवावी.

बायोसमधील आणखी एक निवड तितकीच महत्त्वाची आहे. साटा डिस्कशी संवाद साधण्यासाठी तेथे आयडीई आणि एएचसीआय असे दोन पर्याय असतात. एसएसडीसाठी एएचसीआय इष्ट असते, पण आधीची विंडोज आयडीई पर्यायावर टाकलेली असताना तो अचानक बदलला तर निळा पडदा येऊन संगणक सुरूच होत नाही. मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा बटणासारखा सेल जुन्या यंत्रांत पुष्कळदा संपलेला असतो आणि वीज गेली की या पर्यायासह बायोसची सर्व मांडणी मूळ पदावर येते. मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावांत वीज जाण्याचा अनुभव नवा नसल्याने, नवी डिस्क ‘खराब निघाली’ म्हणून परत आणली जाते, तेव्हा दोष पुष्कळदा या सेलचा असू शकतो. म्हणून डिस्क बदलताना हा स्वस्त सेलही बदलून घ्यावा.

इथले हवामानही निवडीत मोजावे लागते. मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या छताखालील दुकानात कॅबिनेटच्या आतील तापमान त्याहूनही अधिक असते, आणि बहुतेक फिरत्या डिस्कची घोषित कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असल्याने काळ्या मातीच्या धुळीने पंखा बुजला की ही सीमा दूर राहत नाही. चालू डिस्कला बसणारा धक्का आणि लिहिता लिहिता तुटणारी वीज यांचाही तिला त्रास होतो. एसएसडीला धक्क्याचे भय नसते, परंतु स्वस्त एसएसडीमध्ये वीज तुटल्यावर हातातील लेखन पूर्ण करण्यापुरती ऊर्जा राखून ठेवणारे घटक नसतात, त्यामुळे डिस्क कोणतीही असली तरी बॅटरी चांगली असलेला यूपीएस तिच्याइतकाच आवश्यक मानावा.

क्षमता किती घ्यावी, याचे उत्तर कामावर ठरते. कंपन्या टीबी मोजताना दशमान पद्धत वापरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून १ टीबीची डिस्क विंडोजला ९३१ जीबी आणि २४० जीबीची एसएसडी २२३ जीबी इतकी दिसते. यात लबाडी नाही. दाखले, अर्ज आणि कार्यालयीन पत्रव्यवहार यांच्यासाठी २४० किंवा २५६ जीबी पुरेशी होते, डीटीपी करणाऱ्याने ५०० जीबीच्या आसपासची घ्यावी आणि जुनी डिस्क सुस्थितीत असेल तर ती माहितीसाठी आतच राहू द्यावी. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला मात्र एसएसडीऐवजी अहोरात्र लेखनासाठी बनवलेली वेगळी हार्ड डिस्कच लावावी. फिरती डिस्क घेताना ती एसएमआर प्रकारची आहे का, म्हणजे तिच्यातील माहितीचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवलेले आहेत का, हे विचारावे. अशी डिस्क नुसत्या साठवणीला चालते, पण विंडोजसाठी किंवा सतत बदलणाऱ्या फाइलींसाठी फारच मंद ठरते.

विंडोजचा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. विंडोज एक्सपी आपला पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, आणि आजच्या डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरत असल्याने हिशेब जुळत नाही व लेखन मंदावते. विंडोज ७ पासून ही अडचण उरलेली नाही आणि एसएसडीला मोकळ्या झालेल्या जागेची सूचना देणारी ट्रिम ही सोयही तेव्हापासूनच आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणजे नवी डिस्क वेग परत देईल, सुरक्षिततेची उणीव भरून काढणार नाही, हे मालकाला आधीच सांगितले पाहिजे. ज्या संगणकावर केवळ ब्राउझर आणि कार्यालयीन लेखन चालते, तिथे सी-डॅकने विकसित केलेल्या बॉससारख्या लिनक्स प्रणालीचा विचार गंभीरपणे व्हावा.

डीटीपी व्यवसायाला आणखी एक काळजी असते. श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे टाईप केलेला मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो, आणि विंडोज नव्याने टाकली की तेच फॉन्ट, तोच कळफलक व डाँगलचे ड्रायव्हर पुन्हा जुळवणे कटकटीचे होते. म्हणून अशा ठिकाणी क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवणे, हितकारक असते. साटा-यूएसबी केबल आणि क्लोनझिलासारखे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरते. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो ‘सावधान’ दाखवत असेल, तर मात्र क्लोनिंगचा प्रयत्न करण्याआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण मरणासन्न डिस्कला एकच मोठे वाचन झेपेल याची शाश्वती नसते.

खरेदी करताना वापरलेल्या डिस्क नव्या वेष्टनात घालून विकल्या जातात हे विसरू नये. नवी म्हणून घेतलेली डिस्क पहिल्यांदा जोडल्यावर ती किती तास चालली ते पाहावे. आकडा शेकड्यांत किंवा हजारांत असेल तर ती लगेच परत करावी. अतिशय स्वस्त, अनोळखी नावाच्या एसएसडीत घोषित जागा काही वेळा प्रत्यक्षात नसते, ती एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या सॉफ्टवेअरने पूर्ण लिहून-वाचून तपासता येते. अनुक्रमांक नोंदवलेले बिल घ्यावे. बाहेरून लावायची पोर्टेबल डिस्क फोडून आतली वापरण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये, कारण त्यांपैकी अनेकींमध्ये यूएसबीची जोडणी थेट सर्किटवरच असते आणि साटाचा प्लग सापडतच नाही.

काढलेल्या डिस्कची व्यवस्था हा या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सेवा केंद्राच्या डिस्कवर शेकडो कुटुंबांची आधार कार्डे, बँक पासबुके आणि सातबारे पडलेले असतात, आणि क्विक फॉरमॅटने केवळ फाइलींची सूची पुसली जाते, मजकूर तसाच राहतो. क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास विंडोज ७ आणि पुढील आवृत्त्या संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितात, त्यामुळे फिरत्या डिस्कसाठी तेवढे पुरते. एसएसडीसाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील सिक्युअर इरेज वापरावे. डिस्क चालतच नसेल तर आवरण उघडून तबकड्या निकामी कराव्यात, मात्र लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या पुष्कळदा काचेच्या असल्याने डोळे व हात झाकून हे काम करावे. अवशेष भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रियाकाराकडे द्यावेत. महाविद्यालये आणि शासकीय कार्यालयांत संगणकाची नोंद जडसंग्रह नोंदवहीत असते. तिथे जुन्या डिस्कचा अनुक्रमांक, ती पुसल्याची तारीख आणि नव्या डिस्कचा अनुक्रमांक त्याच दिवशी लिहून ठेवला, तर पुढे निर्लेखनाच्या वेळी ती डिस्क कुठे गेली याचा शोध घेत बसावे लागत नाही.